बैलाचा कान, गाडीचा सायलेन्सर

आमच्या गावात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी नाहीतर तूर, आणि गावाच्या अलीकडे एक नाला. नाल्याचा रपटा ओलांडून गाडी चढाला लागली की तिचा आवाज बदलतो, आणि त्या बदललेल्या आवाजावरून ओसरीत बसलेली माणसं सांगतात, ग्रामसेवक आले, दूधवाला चालला, अमक्याचा जावई आला. माझ्या लहानपणी बाबांकडे राजदूत होती, 173 सीसीची, टू-स्ट्रोक. ती रपट्यावर वाजली की आई तवा चढवायला उठायची. आजी त्या गाडीला शेवटपर्यंत फटफटी म्हणाली. आपल्या माणसांनी मोटारसायकलला दिलेलं हे नावच आवाजावरून पडलेलं आहे.

सायलेन्सर आतून मी पहिल्यांदा पाहिला तो त्या राजदूतचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची चिकट काजळी सायलेन्सरमध्ये साचत जाते, आणि मग एक दिवस गाडी चढावर दम टाकते. तसं झालं की बाबा सायलेन्सर उतरवून अंगणात आणायचे. पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, आतली भोकांची नळी काढून त्यावर तापवायची, तांबडी झाली की बाहेर घेऊन दगडावर हलकेच ठोकायची. काळ्या खपल्या गळून पडायच्या. मी काडीने त्या उकरत बसायचो. त्या वासाला नाव नाही, पण आजही कुठे ऑइल जळालं की मला आमचं अंगण आठवतं. अशाच एका रविवारी बाबा म्हणाले होते, "सायलेन्सर म्हंजे इंजिनचाच भाग हाय. फक्त बाहीर लोंबते."

पुढे स्वतःची गाडी घेतली तेव्हा हे वाक्य माझ्या ध्यानात नव्हतं.

माझी गाडी रॉयल एनफील्डची हिमालयन, 2021 ची. 411 सीसी, एकच सिलिंडर, कागदावर 24.3 बीएचपी ताकद आणि 199 किलो वजन. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांचं फिरणं जुन्याच रस्त्यांनी होतं, आणि मला तेच रस्ते आवडतात. मेळघाट तर घरामागचाच. लोणार झालं, नवेगावबांध झालं, खाली पार आलापल्ली-सिरोंच्यापर्यंत जाऊन आलो. पहिलं वर्ष कंपनीच्या सायलेन्सरवर काढलं. मग अमरावतीला एका मित्राच्या गाडीवर बाहेरचा सायलेन्सर ऐकला आणि मन त्यातच अडकलं.

बसवून देणारा मेकॅनिक म्हणाला, "कंपनीवाला गाडीले दाबून ठेवते भाऊ. हा लावला का श्वास मोकळा होते." घरी कापूस मोजायचा जुना लटकता काटा होता. त्याच्या आकड्याला आधी उतरवलेला सायलेन्सर टांगला, मग दुसऱ्या दिवशी गाडीवरचा नवा काढून तोही टांगून पाहिला. नवा निम्म्याहूनही कमी भरला. हा फायदा खरा आहे. हिमालयनचा सायलेन्सर मागे, उंचावर आणि एकाच अंगाला असतो. तिथलं दोन-तीन किलो वजन गेलं की चिखलात आडवी झालेली गाडी उचलताना हाताला कळतं.

आणि आवाज! त्या आवाजाने मला जो आनंद दिला तोही खरा होता. परतवाडा सोडून घटांगच्या घाटाला लागलं की एका अंगाला दरड येते, दुसऱ्या अंगाला सागवान. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत असते आणि आपलाच आवाज दरडीवर आपटून छातीत परत येतो. पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, मी तो घाट केवळ ऐकण्यासाठी दोनदा चढलो आहे. कुणी म्हणालं की हा नुसता पोरकटपणा आहे, तर मी मान्य करणार नाही. इंजिन हे एक जिवंत वाटणारं यंत्र आहे आणि त्याचा जीव कानाला लागतो.

पण "श्वास मोकळा होते" हे मात्र मला मोजून पाहायचं होतं. घाटातला एकच चढ धरला. पायथ्याच्या मैलाच्या दगडापाशी तिसरा गिअर, काटा 40 वर, पूर्ण थ्रॉटल, वरच्या वळणावर काटा कुठे येतो ते पाहायचं. कंपनीच्या सायलेन्सरवर हे केलेलं होतं, नव्यावर चार वेळा केलं. काटा तिथल्या तिथेच. गाडी पळते आहे असं वाटत होतं, कारण ती ओरडत होती.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. फोर-स्ट्रोकचं एक सिलिंडर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतं. 4000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 4000 फेऱ्या होतात तेव्हा, सेकंदाला 33 वेळा. प्रत्येक वेळी तापलेल्या वायूचा एक गोळा बेंड पाइपमध्ये, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत, सुटतो आणि आपल्यामागे पोकळी सोडत जातो. ती पोकळी सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते, म्हणजे ताज्या हवेला जागा होते. नळीची लांबी आणि जाडी यांवर ठरतं की ही ओढ कुठल्या आरपीएमला नेमकी बसेल. लोक म्हणतात, गाडीला बॅकप्रेशर, म्हणजे धुराला अडवणारा दाब, लागतो. दाब खरं तर कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते ही वेळेवर बसलेली ओढ. बेंड पाइपसकट सगळंच जाड आणि मोकळं केलं तर वरच्या आरपीएमला थोडं हाती येतं आणि खालचं जातं. टूरिंगच्या गाडीचं सगळं आयुष्य खालच्या नि मधल्या आरपीएमला जातं. मागे बायको, दोन्ही अंगांना भरलेल्या बॅगा, पुढे ऊस नाहीतर कापूस भरलेला ट्रॅक्टर, आणि चढ. तिथे लागते ती खालची ताकद, आणि कंपनीने नळी तिच्यासाठीच मापलेली असते.

माझ्यासारखा नुसता मागचा डबा बदलला, ज्याला स्लिप-ऑन म्हणतात, तर बेंड पाइप तोच राहतो. म्हणून ताकदीत फार काही कमी होत नाही आणि वाढतही नाही. चोवीस बीएचपीच्या गाडीवर पैसे देऊन आपण वजन कमी करतो आणि आवाज घेतो. हे दुकानात कुणी सांगत नाही.

बेंड पाइपसकट पूर्ण सिस्टीम बदलणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला आमच्याकडे मेकॅनिक नुसती जाळी म्हणतात, गाड्यांवर त्याआधीही येत होता. आता त्याच्यावाचून भागत नाही. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप असतो आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडं यांची ती बरीचशी वाट लावते. बऱ्याच गाड्यांत ही जाळी बेंड पाइपमध्येच बसवलेली असते. तो काढून फेकला की जाळीही गेली. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं गणित बिघडतं. एका लयीत गाडी चालते तेव्हा सेन्सर सांगतो त्याप्रमाणे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, पेट्रोल कमीजास्त करून वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल हे प्रमाण सांभाळतो. पण थ्रॉटल पूर्ण पिळला की तो सेन्सरचं न ऐकता आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. ते आकडे जुन्या नळीचे असतात. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि इंजिन तापत जातं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात मूर्तिजापूर-कारंजा रस्त्यावर दुपारी अडकलेल्या माणसाने हे करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता मेळघाटातल्या सेमाडोहची गोष्ट. मार्च महिना होता, मोहाचे दिवस. रस्त्यावर ठिगळं आणि खड्डे, आणि एकसिलिंडर इंजिनाची थरथर. सेमाडोहच्या अलीकडे मला प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. थांबून पाहिलं तर सायलेन्सरला धरून ठेवणारी पट्टी तुटली होती आणि तो उजव्या बॅगेला टेकला होता. बॅगेला मुठीएवढं भोक. गाडी कडेला घेतली आणि आधी पायाने खालचा सागाचा पाला लांब सारला. मार्चमध्ये मेळघाटात हे अगोदर करायचं, बाकी सगळं मागाहून. चालून आलेल्या गाडीची नळी शेकडो अंश तापलेली असते, कंपनीची असो वा बाहेरची, आणि त्या दिवसांत सागाचं वाळलेलं पान कागदासारखं पेट घेतं. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांतलं हे एक. तिथे वणवा आपल्या गाडीखालून सुरू व्हावा, याहून वाईट काय असेल?

मोहफुलं वेचणाऱ्या दोन कोरकू बाया आणि त्यांच्याबरोबरचा बारा-तेरा वर्षांचा पोरगा लांबून पाहत होते. पोरगा काही न बोलता निघून गेला आणि दहा मिनिटांनी बाइंडिंगची तार घेऊन परतला. त्यानेच तारेला तीन पीळ दिले, टोक आत वळवलं, म्हणजे कपड्यात अडकू नये. पैसे घेतले नाहीत. त्याला हेल्मेट घालून पाहायचं होतं. त्या तारेवर मी धारणीपर्यंत गेलो आणि तिथून घरीही आलो. मग पट्टी शोधायला निघालो तर ती ना धारणीत, ना परतवाड्यात, ना अमरावतीत. मोठ्या शहरातून कुरिअरने यायला दोन आठवडे गेले. कंपनीच्या सायलेन्सरची पॅकिंग आणि बोल्ट परतवाड्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेले असतात. लांब फिरणाऱ्याने सुटा भाग निवडताना हे आधी पाहावं. जी वस्तू धारणीच्या टपरीवर दुरुस्त होते तीच खरी टूरिंगची वस्तू.

दुसरी गोष्ट हळूहळू झाली, म्हणून ती मला उशिरा कळली. बाहेरच्या सायलेन्सरच्या पोटात आरपार गेलेली एक भोकांची नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली असते. कंपनीच्या सायलेन्सरची रचना निराळी. त्यात खोल्या असतात, पडदे असतात, एका खोलीतून दुसरीत जाणाऱ्या आखूड-लांब नळ्या असतात. आवाजाची लाट पडद्यावर आपटून उलटी फिरते, मागून येणाऱ्या लाटेला भिडते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. जाड, घुमणारा आवाज मारायला असंच काहीतरी लागतं. लोकर मुख्यतः बारीक, तीक्ष्ण आवाज पिते. जाड आवाज तिच्यातून निसटतो, आणि नेमका तोच दूरवर जातो. झाडाझुडपांनी अडत नाही, भिंतीतून आत येतो. म्हणूनच अशी गाडी शेजारच्या गावाच्या शिवारातूनही ऐकू येते. त्यात ही लोकर जळत जाते, उडत जाते. दर महिन्याला आवाज किंचित वाढतो आणि चालवणाऱ्याचा कान त्याला सरावत जातो.

सिरोंच्याहून परतलो त्या रात्री माझ्या कानात शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिली. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज खूप असतो, त्यात मी हे भरीला घातलं होतं. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, त्यावर दर तीन डेसिबलला सहन करायचा वेळ निम्मा करावा, असा एक हिशेब आहे. 94 ला एकच तास उरतो. मी एका दिवसात अकरा तास गाडीवर होतो.

इतकं होऊनही मी तो सायलेन्सर काढला नव्हता. काढला तो बैलांमुळे.

श्रावण लागला होता. सोयाबीनची डवरणी आटोपत आलेली, संध्याकाळची वेळ. आमच्याच रस्त्यावर, रपट्याच्या पुढे, शेजारचे काकाजी बैलबंडी घेऊन घराकडे चालले होते. बंडीत हिरवा चारा, जुवाला लाल्या आणि बांड्या. मी मागून येत होतो. बैल बुजू नयेत म्हणून लांबूनच थ्रॉटल सोडला आणि गिअर उतरवला. मला वाटलं मी सांभाळूनच चालवतो आहे. पण थ्रॉटल सोडला की न जळलेलं थोडं पेट्रोल नळीत उतरतं, जोडाच्या फटीतून बाहेरची हवा आत येते, आणि ते मिश्रण तापलेल्या नळीत पेटतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये हे पोटातच जिरतं. माझ्या गाडीने बंडीच्या मागे येऊन तीन बार काढले, बंदुकीसारखे.

बांड्या जागेवरून उडाला. लाल्या त्याच्यामागे ओढला गेला. बंडीचं डावं चाक नालीत उतरलं, चारा सांडला, काकाजी दांडीवरून खाली आले ते उजव्या हातावर. मी धावलो. तोंडातून शब्द फुटेना. गाडी मागे तशीच धडधडत होती.

"बंद कर आंधी," ते म्हणाले. "मंग बोल."

मी बंद केली. एकदम सगळं शांत झालं. काकाजी हात छातीशी धरून उठले आणि आधी बैलांपाशी गेले. मी विचारलं, लागलं का. ते म्हणाले, "मले सोड. बैलाईले पाय." मी पाहिलं. बांड्याची मान ताठ, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं, आणि खांद्यापासून पोटापर्यंतची कातडी थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण थांबतच नव्हती. काकाजी डाव्या हाताने त्याच्या गळ्याखालची पोळी कुरवाळत "हो राजा, हो हो" म्हणत राहिले. ती थरथर थांबायला वेळ लागला. मी तिथे उभा राहून ती पूर्ण पाहिली.

काकाजींच्या मनगटाला प्लास्टर लागलं, सहा आठवड्यांचं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. कायदा म्हणाल तर तो स्पष्ट आहे. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा 80 डेसिबलची आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवरही गदा येते. मोठ्या आवाजाने जीव वाचतो असं म्हणणाऱ्यांना मी इतकंच सांगेन की हा आवाज मागे फेकला जातो. समोरच्या ट्रकमध्ये काच लावून बसलेल्या ड्रायव्हरपर्यंत तो फारच थोडा पोचतो. आणि आमच्या रस्त्यांवर समोर ट्रकपेक्षा बैल, म्हशी, शेळ्याच जास्त असतात. त्यांना काच नसते. मला कधी कुणी अडवलं नाही, दंडही झाला नाही. झाला असता तर बरं होतं असं आता वाटतं, आधी झाला असता तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या माळ्यावरून कंपनीचा सायलेन्सर उतरवला. बारदान्यात गुंडाळून ठेवलेला होता, तरी कुंभारीण माशीने त्याच्या तोंडात मातीचं घर केलं होतं, पेरूएवढं, आणि आत तिच्या वाळलेल्या अळ्या. ते घर तारेने हळूहळू पोखरून काढलं, मग नळी उलटी करून झटकली. नवी पॅकिंग परतवाड्याहून आणली, चौदा रुपयांची की सोळा, आठवत नाही. दोन बोल्ट आवळले. स्टार्टर दाबला तेव्हा क्षणभर वाटलं गाडी सुरूच झाली नाही. मग हात ठेवला तर टाकी थरथरत होती. बाहेरचा सायलेन्सर विकला नाही. घेणारा तो दुसऱ्या कुणाच्या बंडीमागे वाजवेल. माळ्यावर ठेवला आहे.

आईला मात्र मी आल्याचं कळेना. पहिल्याच आठवड्यात एकदा स्वयंपाकघराच्या दारात मला पाहून दचकली. "कवा आला बा तू? आवाजच नाही आला." आता मी रपट्यावर दोनदा हॉर्न देतो. तेवढं तिला पुरतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. काकाजींचा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून मी गेलो. बैल नाल्यावर नेऊन धुतले. संध्याकाळी गोठ्यात कोमट पाणी, लोणी आणि हळद घेऊन बसलो. वर्षभर जू ज्या ठिकाणी बसतं तिथे घट्टा पडलेला असतो, नांगराच्या मुठीसारखा कडक. पळसाच्या पानाने लोणी-हळद त्यावर चोळायची, हळूहळू, कातडी सैल पडेपर्यंत. लाल्याने मला लगेच करू दिलं. बांड्या दोनदा सरकला, तिसऱ्यांदा उभा राहिला. माझ्या हाताखाली त्याचा खांदा गरम होत गेला. काकाजी मागे उभे राहून त्यांच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्यानंतर चार-पाच दिवसांनी त्याच रस्त्यावर बंडी परत माझ्यापुढे होती. काकाजींचा पुतण्या हाकत होता, ते शेजारी बसले होते. मी थ्रॉटल सोडला, गिअर उतरवला. सायलेन्सरच्या पोटात काहीतरी बारीक कुरकुरलं आणि तिथेच जिरलं. बांड्याने डावा कान मागे वळवला, तो तसाच माझ्याकडे ठेवला आणि चाल न बदलता चालत राहिला. काकाजींनी प्लास्टरच्या हाताने मला पुढे जायची खूण केली.